ब्रदर पुरूच्या सोबतीची गोळी

मँचेस्टर, रविवार, १२ मार्च २००६

पुरू,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे, तेव्हा हे नीना उघडेल आणि तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवेल. नीना, नुसतं ठेवू नकोस. तो वाचेपर्यंत समोर बस.

दीड वर्ष तू माझा फोन घेत नाहीस. तो तुझा प्रश्न. तुझ्या साठीच्या पार्टीत मी जे केलं ते पुन्हा करीन, हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी झाले. आजचं कारण वेगळं आहे. आज मी इतकी खुशीत आहे की कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि ब्लडप्रेशरचा आकडा ऐकून ज्याला आनंद होईल असा माझ्या ओळखीत तूच एक डॉक्टर आहेस.

सर्जरीतून, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून, निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. मॉस साइडमध्ये आरोग्य खात्याची एक योजना आहे, तिचं काम घेतलं. इथे जमैका-बार्बाडोसहून आलेली कुटुंबं खूप. त्यांच्यात प्रेशर गोऱ्यांपेक्षा जास्त, पक्षाघात जास्त आणि तोही लवकर, हे तुला मी शिकवायला नको. कारणं लोक अनेक सांगतात, आहारापासून रक्तापर्यंत. मी तीस वर्षं नर्स म्हणून जे पाहिलं ते असं: ही माणसं सर्जरीत एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत. काउंटरवरची मुलगी वर न बघता ‘यस?’ म्हणते. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. ज्यांना या देशाने नोकरीसाठी, घरासाठी, सगळ्यासाठी ताटकळत ठेवलं, त्यांनी आणखी एका खुर्चीत ताटकळायला का यावं?

आधी आम्हाला एक व्हॅन दिली होती. सुपरमार्केटच्या आवारात मी ती घेऊन उभी. दिवसभरात एक जण रस्ता विचारायला आला आणि दोघी टॉयलेट कुठे आहे ते विचारायला. मी व्हॅन परत केली आणि त्यांच्या चर्चमध्ये गेले.

जुन्या गोदामात भरणारं चर्च आहे. उपासना तीन तास चालते, आणि त्यानंतर मागच्या हॉलमध्ये जेवण. मी जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी टेबल मांडलं. आधी दंड पुढे करायचा, मगच ताट. मशीन मी धरत नाही, त्यांच्याच बायकांना शिकवलं. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, ही अट तेवढी सगळ्यांना जड जाते.

या बायकांची पुढारी आयसिल्डा ग्रँट. माझ्याच वयाची. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात गेली. कॉयरमध्ये पहिल्या रांगेत गाते, आणि टोपी अशी घालते की मागच्या बाकांना पास्टर दिसत नाहीत. तिच्यासमोर अवघड म्हातारेसुद्धा निमूट बाही वर करतात. पण तिचं स्वतःचं प्रेशर दोनशेच्या घरात. मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, गोळी सुरू करवली, आणि आज एकशे बत्तीस वर ऐंशी. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, “आयसिल्डा, नॉर्मल.” तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

एवढंच सांगायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


मँचेस्टर, रविवार, २६ मार्च २००६

पुरू,

तू पत्र पूर्ण वाचलंस, आणि चष्म्याच्या वाक्याला हसलास. मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. नीनाने नाही.

आता एक घोळ झाला आहे, आणि डॉक्टर म्हणून तुझं मत हवं आहे.

त्यांच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. कुणीही उभं राहावं आणि देवाने आपलं काय भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगावं. मागच्या रविवारी आयसिल्डा उभी राहिली. म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, आयसिल्डा, तुझं प्रेशर तुला मारणार. आणि ही आपली नर्स, ही तर आपल्यातली विश्वासणारीही नाही, पण हिच्याच तोंडून देवाने वदवलं. हिने टेबलावर हात आपटला आणि म्हणाली, नॉर्मल. मंडळी, मी बरी झाले.” सगळं चर्च उभं राहिलं. खंजिऱ्या, टाळ्या, कुणी रडतंय, कुणी नाचतंय. मीही मागच्या बाकावर टाळ्या वाजवत होते, पुरू. मला वाटलं माझं कौतुक चाललंय.

जेवणाच्या वेळी मी सहज विचारलं, “आज गोळी घेतलीस ना?”

“कसली गोळी?”

“रोजची.”

“डार्लिंग, मी बरी झाले. बऱ्या झालेल्या माणसाला गोळी कशाला?”

मी समजावलं की गोळी घेतलीस म्हणून आकडा खाली आला, सोडलीस की वर जाईल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मीच हट्टी मूल आहे. म्हणाली, “मी तीनशे लोकांसमोर, देवासमोर, बोललेय. उद्या माझ्या पर्समध्ये कुणाला गोळ्या दिसल्या तर? आयसिल्डा चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलली, असंच म्हणतील ना? त्यापेक्षा मेलेली बरी.”

आणि ती एकटी नाही. तिची साक्ष ऐकून तिच्या मागच्या बाकांवरच्या कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या. ज्यांना मी महिनोन्‌महिने मनवून डॉक्टरच्या दारापर्यंत नेलं त्याच. आज आयसिल्डाचं प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर.

मी पास्टरकडे गेले. समंजस माणूस आहे, स्वतः गोळी घेतो. म्हणाला, “सिस्टर, मी तिला सांगू शकतो की डॉक्टरांनाही देवच बुद्धी देतो. ते मी दर महिन्याला सांगतो. पण तिची साक्ष खोटी होती असं मी कसं म्हणू? ती मनापासून बोलली. तुम्हाला पुढच्या रविवारी बोलायला देतो, तुम्ही बोला.”

मी तक्ते काढायला घेतले आहेत. मोठे, रंगीत, शेवटच्या बाकावरून दिसतील असे. बघच आता.

ताई


मँचेस्टर, सोमवार, ३ एप्रिल २००६

पुरू,

व्याख्यान अप्रतिम झालं आणि काडीचाही उपयोग झाला नाही.

मी म्हटलं, प्रेशर वाढलं की मेंदूतली रक्तवाहिनी फुटते. सगळे म्हणाले, “जीझस.” मी म्हटलं, गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका. सगळे म्हणाले, “आमेन.” इतका प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नव्हता, मी तर चढतच गेले. शेवटी एका आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं की बऱ्याच वर्षांत इतकं सुंदर प्रवचन ऐकलं नाही. मी विचारलं, “मग गोळी सुरू करणार?” ते म्हणाले, “सिस्टर, मी तर सिस्टर आयसिल्डाबरोबर आहे.”

आयसिल्डा हॉलमध्ये आलीच नाही. मी तिला बाहेर गाठलं, बसस्टॉपवर. टोपी काढून हातात धरली होती, वारा होता. मला म्हणाली, “तू तक्ता दाखवलास तेव्हा सगळे वळून माझ्याकडे बघत होते.”

“मी तुझं नाव घेतलं नाही.”

“एकशे अठ्ठ्याहत्तर असं लिहिलं होतंस. लाल रंगात. अख्ख्या चर्चला माहीत आहे एकशे अठ्ठ्याहत्तर कोण ते.”

“तुझ्या भल्यासाठीच केलं.”

“असेल,” ती म्हणाली. “पण सगळ्यांसमोर केलंस.”

हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं आहे. असो.

मग तिची बस आली. बसमध्ये चढताना तिने दांडा दोनदा चुकवला, पुरू. पहिल्यांदा मला वाटलं वाऱ्यामुळे. दुसऱ्यांदा तसं वाटलं नाही. मी संध्याकाळी तिच्या घरी मशीन घेऊन गेले. तिच्या मुलीने दार उघडलं, आई झोपली आहे म्हणाली. आतून गाण्याचा आवाज येत होता.

मी हरलेली नाही. बसस्टॉपवरून परत येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे, आणि ती आल्यापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. ती तुला आवडणार नाही.

ताई


मँचेस्टर, रविवार, ९ एप्रिल २००६

पुरू,

हे बसून वाच.

आज मी चर्चमध्ये साक्ष दिली. होय, मी. घरात देव्हारा न ठेवणारी तुझी बहीण. पास्टरने विचारलं, आज कुणाला बोलायचं आहे, आणि मी उभी राहिले. तक्ता नाही, मशीन नाही. समोरच्या बाकाची कड घट्ट धरून बोलले, हे मी तुला सांगते आहे, इतर कुणाला सांगायचं नाही.

मी म्हटलं, मला साउथहॅम्प्टनला एक धाकटा भाऊ आहे. सर्जन आहे. लोकांची मोडलेली हाडं जोडतो. त्याच्या साठीला शंभर माणसं जमली होती, त्याची सून, व्याही, हॉस्पिटलातले मित्र. तो केक कापायला उभा होता. त्याचा चेहरा मला बरोबर वाटेना, म्हणून मी पर्समधून मशीन काढलं, त्याचा दंड धरला, आणि आकडा मोठ्याने वाचला. म्हटलं, सुरी खाली ठेव, आधी डॉक्टरकडे जा. लोक हसले. मला वाटलं बरं झालं, आता तरी ऐकेल. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही, आणि ज्या गोळ्या त्याच्याच मित्राने लिहून दिल्या त्या त्याने हात न लावता ड्रॉवरमध्ये टाकल्या आहेत.

हे मला कुणी सांगितलं ते त्या लोकांनी विचारलं नाही. तूही विचारू नकोस, आणि नीनावर चिडू नकोस. ती घाबरली आहे. रोज सकाळी तू बाथरूममधून बाहेर येईपर्यंत ती दाराशी उभी असते. तुला ते माहीत नाही.

त्यापुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईने मला रुमाल दिला. मला सर्दी झाली होती.

मग पास्टरने विचारलं, “सिस्टर, तुमच्या भावाचं नाव काय?” मी म्हटलं, पुरुषोत्तम. ते त्यांना जमेना. मी म्हटलं, पुरू. आणि मग, पुरू, तीनशे माणसांनी हात वर करून ब्रदर पुरूसाठी प्रार्थना केली. हलक्या आवाजात नाही. गोदामाचं छप्पर हललं. साधारण एक वाजता तुला उचकी लागली असेल तर ती आमचीच.

तू चिडला असशील. मी तुला न विचारता तुझी गोष्ट परत लोकांसमोर सांगितली. चीड, पण पुढचं वाच, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

हॉलमध्ये आयसिल्डा माझ्याशेजारी येऊन बसली. आठवडाभरानंतर पहिल्यांदा. बराच वेळ नुसती काट्याने भात इकडचा तिकडे करत होती. मग म्हणाली, “तो लाजतो, म्हणून गोळी घेत नाही?”

“हो.”

“एकटा आहे?”

“नाही, बायको आहे.”

“मी ते नाही विचारलं.”

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. ती म्हणाली, “आमच्या चर्चमधल्या बेव्हर्लीचा मुलगा तुरुंगात होता तेव्हा आम्ही कॉयरवाल्या दर शुक्रवारी उपास करायचो. तुरुंगात आमच्यातली कुणीच नव्हती. पण त्याला कळलं पाहिजे होतं ना, की कुणीतरी त्याच्याबरोबर भुकेलं आहे.”

“मग?”

“मी बरी झाले आहे. ते मी मागे घेणार नाही, तू कितीही तक्ते आण. पण ब्रदर पुरू बरा झालेला नाही. त्याच्या सोबतीसाठी मी माझी गोळी घेईन. त्याची तो, माझी मी, एकाच वेळी. सोबत करण्यात कसली लाज?”

मला उठून नाचावंसं वाटलं. मी म्हटलं, “तो घेतोय असं समज आणि आजच घे.” तिने काटा खाली ठेवला. “समज कसं? रिकाम्या खुर्चीला मी सोबत करणार नाही. त्याने घेतली पाहिजे. आणि ते त्याने मला सांगायचं, तू नाही. तू आकडे ओरडणारी बाई आहेस.”

मग तिने आपणहून दंड पुढे केला. दोनशे चार.

पानाच्या मागे तिचा फोन नंबर लिहिला आहे. ती सकाळी लवकर उठते. मला फोन करू नकोस. माझ्याशी आयुष्यात बोलला नाहीस तरी चालेल. पण ही बाई माझ्यासमोर एका बाजूला कोसळेल, आणि तिच्यामागून तिचं ऐकणाऱ्या त्या सगळ्या जणी, आणि ते थांबवण्यासाठी माझ्याकडे आता एकही तक्ता उरलेला नाही. फक्त तू आहेस.

ताई


मँचेस्टर, सोमवार, १७ एप्रिल २००६

पुरू,

तू काय माणूस आहेस.

आठवडाभर मी फोनपाशी बसून होते. माझ्याकडे फोन येणारच नव्हता, तरी बसले. दोनदा आयसिल्डाच्या गल्लीपर्यंत जाऊन परत फिरले. नीनाला फोन केला, तर ती म्हणे, “ताई, दुधाचं भांडं गॅसवर आहे,” आणि ठेवून दिला. मी समजले की तू पत्र फाडलंस.

काल ईस्टर. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आयसिल्डा पिवळी टोपी घालून आली आणि माझ्याकडे न बघता कॉयरमध्ये जाऊन उभी राहिली. मी तिच्या चालण्याकडे बघत होते. सरळ चालत होती. साक्षीची वेळ आली, आणि ती पुढे आली.

“मंडळी,” म्हणाली, “मला सोबती मिळाला.”

तिने सांगितलं की बुधवारपासून रोज सकाळी सातला साउथहॅम्प्टनहून ब्रदर पुरूचा फोन येतो. तो विचारतो, “गुड मॉर्निंग सिस्टर आयसिल्डा, पाणी घेतलं?” ती म्हणते, “घेतलं. तुम्ही?” तो म्हणतो, “घेतलं.” मग दोघं आपापली गोळी तोंडात टाकतात. मग तो म्हणतो, “गेली?” आणि ती म्हणते, “गेली.” मग ती त्याला भजनाचं एक कडवं म्हणून दाखवते, कारण पहिल्या दिवशी त्यानेच विचारलं की तुम्ही कॉयरमध्ये नक्की काय गाता. आकडा तो तिला विचारत नाही आणि ती त्याला विचारत नाही.

“किती हळू बोलतो,” ती सगळ्यांना म्हणाली. “या बहिणीचा तो भाऊ वाटतच नाही.” अख्खं चर्च हसलं, पास्टरसकट. मी पण हसले. सर्दी अजून आहे.

म्हणजे पत्र तुला मंगळवारी मिळालं आणि तू एकच रात्र थांबलास. आणि चार दिवस तुम्ही तिघांनी मला कळू दिलं नाहीत. नीनाने सुद्धा. दुधाचं भांडं म्हणे.

पुढचं ऐक. आयसिल्डा खाली बसायच्या आत मागून एक बाई उठली, म्हणाली, “मीही बरी झाले आहे, पण मला कुणाची सोबत करायची आहे?” मग दुसरी. मग मला प्रवचनाबद्दल शाबासकी देणारे आजोबा. जेवणाच्या हॉलमध्ये एवढा गोंधळ, जणू अंताक्षरीचे संघ पाडत आहेत. तू माझी, मी तुझी, नको, ही घोरते, ही सकाळी फोन उचलणार नाही. पास्टरने त्या आजोबांना घेतलं. कुणालाही आपण आजारी आहोत असं म्हणावं लागलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी गोळी घेणार. मी दाराशी उभी राहून एवढंच बजावलं की ज्याची त्याने, ज्याच्या त्याच्या डॉक्टरने दिलेली घ्यायची, गोळ्यांची अदलाबदल केलेली खपवून घेणार नाही. “आमेन,” म्हणाले. या वेळी मी एकेकाकडून खात्री करून घेतली.

आयसिल्डा काल एकशे छप्पन्नवर होती. हे तुला तिने सांगितलेलं नाही, आणि मी सांगितलं हे तिला सांगू नकोस. योजनेच्या कार्यालयाला मला अहवाल पाठवायचा आहे. तीस वर्षं मी लोकांना पत्रकं वाटली, पुरू. आता त्यात काय लिहू? उपाय: कुणीतरी सकाळी फोन करावा? लिहिणार आहे तसंच. हसू देत त्यांना. बर्मिंगहॅमच्या एका चर्चच्या बायका पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत, आयसिल्डाने परस्पर बोलावल्या.

सगळे निघून गेल्यावर तिने मला खुर्चीत बसवलं. माझा दंड मी आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता, मोजणारी मीच असायचे. तिने पट्टा बांधला. पाच मिनिटं मला गप्प बसवलं, तू विश्वास ठेवणार नाहीस पण बसले. मशीनकडे तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, परत मोजलं. मग हॉलमध्ये कुणी नव्हतं तरी वाकून माझ्या कानात आकडा सांगितला.

तो इथे लिहीत नाही.

उद्या सर्जरी उघडली की जाते. डॉक्टर आधी आणखी दोन-तीनदा मोजतील, मग काय ते लिहून देतील. आयसिल्डाला म्हटलं, मला सोबत कोण? तिने पिवळी टोपी चढवली आणि म्हणाली, “चर्चमध्ये आता जोडीविना कुणी उरलेलं नाही, डार्लिंग. तुझं तू बघ.”

सकाळी तुमचं दोघांचं आटोपलं, तिचं कडवं म्हणून झालं, की एक रिंग मला दे. मी पाणी घेऊन बसलेली असेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसतं ‘गेली?’ एवढं विचार.

आकडा मी विचारणार नाही.

ताई